बावीस वर्षं उभी असलेली मायनर: आधी जागी करा, रंगाचं नंतर बघू

विचारणाऱ्यांनी सांगितलंय ते थोडक्यात असं. वडिलांची १९५९ सालची दोन दारांची मॉरिस मायनर १००० बावीस वर्षं शेडमध्ये उभी आहे. वडील आता नाहीत. मुलाला ती शेवटच्या बोल्टपर्यंत सुटी करून कारखान्यातून आजच निघाल्यासारखी करायची आहे. आई म्हणते, आहे तशीच राहू दे. आणि प्रश्न असा, की सुरुवात इंजिनापासून करू की पत्र्यापासून?

दोन्हीपासून करू नका. गाडी पूर्ण उघडूही नका. आहे त्या रंगात, आहे त्या सीटसकट तिला चालती करा, ब्रेक आणि पुढची चाकं भरवशाची करा, आणि मग वर्षभर चालवा. काय बदलायचं आणि काय राखायचं, हे त्या वर्षात आपोआप ठरतं. उभ्या गाडीकडे बघून ते ठरत नाही. चौतीस वर्षं मी जुन्या गाड्या उघडतोय आणि जोडतोय, आणि हा धडा मला पहिल्याच गाडीवर मिळाला.

ती गाडीही मायनरच होती, नंतरची, १०९८ सीसीची. चालू स्थितीत होती. थोडा निळा धूर, खाली थोडा गंज, बाकी ठीक. मी ती एका आठवड्यात सुटी केली. उघडणं सोपं असतं. नट ढिला झाला की हुरूप येतो, आणि संध्याकाळी जमिनीवर पसरलेले भाग पाहून केवढं तरी काम झाल्यासारखं वाटतं. डबे भरले, त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. वर्षभरात ओलीने चिठ्ठ्या गळून पडल्या. मग नोकरी, लग्न, घर. सात वर्षं ती गाडी म्हणजे अकरा खोकी आणि एक सांगाडा होता. जोडायला घेतली तेव्हा दारांच्या फटी जुळेनात, कारण चुकीच्या जागी लावलेल्या टेकूंवर बसून सांगाडा वाकला होता. पुढे ती चालली. पण मूळची ती कशी चालायची, कुठे कुरकुरायची, कोणत्या गिअरला गुणगुणायची, हे मला कधीच कळलं नाही. उघडण्याआधी मी तिला जेमतेम पंधरा किलोमीटर चालवलं होतं. ते अजून मनाला लागून आहे.

एक छोटी गोष्ट शब्दाबद्दल. काटेकोर अर्थाने ‘व्हिंटेज’ म्हणजे १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या. तुमची मायनर ‘क्लासिक’ या गटात मोडते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे ‘फिवा’ची, ऐतिहासिक वाहनाची व्याख्या जास्त उपयोगाची आहे: किमान तीस वर्षं जुनं, इतिहासाला धरून राखलेलं, आणि रोजच्या वापरात नसलेलं. ‘इतिहासाला धरून राखलेलं’ हा भाग लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

आता बघण्याबद्दल. हत्यारांची पेटी बंद ठेवा. एक वही, एक टॉर्च, कॅमेरा आणि जमिनीवर अंथरायला जुनं कापड, एवढंच घेऊन दोन दिवस गाडीजवळ काढा. दार उघडल्यावर येणारा पहिला वास आधी घेऊन ठेवा. रेक्झिन, सीटमधलं जुनं भरण, रबर, इंजिन ऑइल आणि धूळ यांचा तो वास एकदा नवं कुशन बसलं की परत मिळत नाही. सीटखाली हात घाला. डिकीतल्या चटईखाली बघा. डॅशबोर्डच्या खणातले कागद तिथेच, त्याच क्रमाने फोटोत घ्या. ड्रायव्हरच्या दारावर कोपर टेकून रंग झिजलेला असेल, स्टिअरिंगवर दोन्ही हातांच्या जागा गुळगुळीत झालेल्या असतील, क्लचच्या पेडलवरचं रबर एका बाजूने जास्त खाल्लं गेलं असेल. ती तुमच्या वडिलांची बसण्याची पद्धत आहे. ती लिहून ठेवा.

बोनेटकडे नीट बघितलंत तर मधोमध एक उंचावलेली सपाट पट्टी दिसेल. तिच्यामागे या गाडीच्या जन्माची गोष्ट आहे. तिचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस याने आराखडा जवळजवळ पूर्ण केल्यावर त्याला गाडी अरुंद वाटली. त्याने नमुन्याची गाडी मधून उभी कापायला लावली, दोन अर्धे भाग एकमेकांपासून सरकवत नेले आणि चार इंच अंतरावर नजरेला बरं वाटलं तिथे थांबला. बंपर तोवर तयार झालेले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांवर ते मधे कापून जोडपट्टी लावून बसवले. १९४८ च्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली, १० लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली, आणि सगळे प्रकार मिळून १६ लाखांहून जास्त मायनर बनल्या. याचा तुमच्या फायद्याचा अर्थ असा की सुटे भाग आजही नवे बनतात. त्यामुळे कुठलाही भाग घाईने काढून फेकण्याची गरज नाही. लागला तर पुढच्या वर्षीही मिळेल.

इंजिन. तुमचं ९४८ सीसीचं ए-सिरीज इंजिन आहे, बिडाचा ब्लॉक आणि बिडाचंच हेड. हे इंजिन सहज मरत नाही. पण बावीस वर्षांनी थेट सेल्फ मारलात तर मात्र मारून टाकाल. गंजलेल्या सिलिंडरमध्ये चिकटलेली रिंग तुटते, अडकलेल्या व्हॉल्व्हवर त्याला उघडणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकतो, आणि कोरड्या बेअरिंगवर शाफ्ट घासतो. तिन्ही टाळता येतात.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि अ‍ॅसिटोन समभाग मिसळून दोन-दोन चमचे सोडा. अ‍ॅसिटोन पटकन पेटतं, तेव्हा शेडचं दार उघडं ठेवा आणि जवळ ठिणगी नको. मिश्रण दोन-तीन दिवस मुरू द्या, मधे पुन्हा थोडं घाला. या दिवसांत वरचं रॉकर कव्हर काढून आठही व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर तेल टाका. मग गाडीबरोबर आलेलं हँडल पुढून घाला आणि हाताने हळू फिरवून बघा. हललं नाही तर जोर लावू नका. हँडलवर लटकणारे, पाइप जोडून जोर वाढवणारे मी पाहिलेत. त्यानंतर पिस्टनच्या रिंगा माझ्याकडे तुकड्यांत आल्या. तेल घालत राहा, रोज एकदा दोन्ही दिशांना थोडा ताण देऊन सोडा. एकदा मला एकोणीस दिवस लागले होते. विसाव्या दिवशी सकाळी हँडल केसभर सरकलं, आणि त्या केसभर हालचालीचा आनंद पुढे इंजिन चालू झालं त्याहून मोठा होता.

फिरायला लागलं की कोणाला तरी हँडल धरायला सांगा आणि वरून व्हॉल्व्ह बघत राहा. प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतो का? एखादा खालीच राहिला तर तिथेच थांबा, त्याच्या दांड्यावर तेल सोडा, हलक्या हाताने तो मोकळा करा. सगळे मोकळे झाल्यावर जुनं ऑइल सोडून द्या. तेवढ्यावर थांबू नका, खालचा सम्प, म्हणजे ऑइल साठतं ते भांडं, तोही उतरवा. तळाशी काळा गाळ लोण्यासारखा बसलेला असतो, आणि पंपाची जाळी त्यातच बुडालेली असते. नवं ऑइल २०डब्ल्यू-५० घ्या, जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं, ज्यात झिंकचं प्रमाण पुरेसं आहे. या इंजिनाचे टॅपेट सपाट आहेत, कॅमवर घासत चालतात, आणि आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते झिंक कमी केलेलं असतं. गिअरबॉक्समध्येही हेच इंजिन ऑइल जातं, गिअर ऑइल नाही. मागच्या डिफरन्शिअलला मात्र ९० नंबरचं हायपॉइड गिअर ऑइलच लागतं. या दोघांची अदलाबदल झालेली मी इतक्या गाड्यांत पाहिली आहे की ऑइलच्या डब्यांवर मी खडूने नावं लिहितो.

प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर काढून सेल्फ मारा. दाब बनायला हवा; डॅशवरचा ऑइलचा दिवा विझायला हवा. विझला नाही तर पंपात हवा अडकली आहे, तो तेलाने भरून घ्या. दिवा विझल्याशिवाय ठिणगी द्यायची नाही. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये बनणारा दाब, मोजा. आकडा किती आला यापेक्षा चौघांचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे बघा. दहा टक्क्यांच्या आत असतील तर हेड उघडू नका, मनात कितीही आलं तरी. एखादा फारच खाली असेल तर त्या भोकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वर आला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा.

पॉइंट काळे पडलेले असतील. बारीक कानशीने साफ करा, फट १५ थाउ ठेवा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). प्लगची २५ थाउ. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट थंड इंजिनावर १२ थाउ. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. जुना कंडेन्सर आणि रोटर चालत असतील तर फेकू नका. बाजारात नवीन म्हणून मिळणाऱ्यांपैकी बरेच पन्नास वर्षं जुन्यांइतकेही टिकत नाहीत, हा माझा आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येक कारागिराचा अनुभव आहे.

पेट्रोल. टाकीतलं जुनं पेट्रोल आता वार्निश झालेलं असेल. टाकी उतरवून धुवायची, तोवर वेगळ्या लहान डब्यातून पंपाला पेट्रोल द्या. कार्बोरेटर एसयू या ब्रिटिश बनावटीचा आहे. त्याचा वरचा घुमट उघडून पिस्टन पेट्रोलने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. पिस्टन बोटाने उचलून सोडला की ‘टक’ असा आवाज करून खाली पडला पाहिजे. घुमटाच्या वरच्या नळीत थोडं ऑइल लागतं, हे सगळे विसरतात आणि मग गाडी अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गचके खाते म्हणून कार्बोरेटर बदलतात. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगून मऊ पडतं. सगळे पाइप नवे, इथेनॉलला टिकणारे घाला.

शिशाबद्दल घाबरवणारे बरेच भेटतील. ही इंजिनं शिसंयुक्त पेट्रोलसाठी बनली होती. त्या शिशाचा थर व्हॉल्व्ह बसतो त्या जागेला वाचवायचा. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असं पेट्रोल २०२१ साली जगातून पूर्ण बंद झालं, आणि ते बंद व्हायलाच हवं होतं. म्हणून हेड लगेच काढून व्हॉल्व्हखाली कडक धातूच्या सीट बसवण्याची घाई नको. दर दीड हजार किलोमीटरला टॅपेटची फट मोजून वहीत लिहा. एक्झॉस्टची फट सारखी कमी होत चालली तर व्हॉल्व्ह बिडात रुतत चालला आहे. तेव्हा हेड काढा. शांतपणे चालवलेल्या ९४८ मध्ये ती वेळ वर्षानुवर्षं येत नाही.

पाण्याचं एकच सांगतो: या ब्लॉकमध्ये गाळ मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती साठतो. रेडिएटर कितीही धुतला तरी तो तिथेच राहतो. ब्लॉकचा नळ उघडून, तारेने ढोसून, उलट दिशेने पाणी सोडून तो काढावा लागतो.

ब्रेकमध्ये जुनं राखायचा आग्रह मी धरत नाही. रबराचे तीनही पाइप, चाकांतले सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळं नवं. रबरी पाइप बाहेरून धड दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो. पेडल दाबल्यावर ब्रेक लागतो आणि सुटतच नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ते पाणी सिलिंडरला आतून खातं. तुमचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, सांगाड्याच्या पेटीत लपलेला आहे, आणि त्याचे बोल्ट काढायला पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई, आड येतो. तो बार पिळलेला, ताणलेला असतो. चाकाच्या दांडीला खालून जॅकचा आधार न देता तो सोडवलात तर दांडी इतक्या जोरात खाली येते की बोटं जातील. हे काम पहिल्यांदा करताना जाणता माणूस शेजारी हवा. आणि ड्रमच्या आतली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

मायनरमध्ये मला सर्वांत जास्त भीती ज्या भागाची वाटते तो म्हणजे पुढच्या चाकांचे ट्रनियन. चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती वर-खाली आट्यांनी बसवलेली असते. ग्रीस मिळालं तर हे आटे कित्येक दशकं टिकतात. नाही मिळालं तर झिजून एके दिवशी खालचा आटा सुटतो आणि चाक गाडीच्या पोटाखाली दुमडतं. बहुतेक वेळा हे हळू वेगात, वळताना होतं. पण मी एक गाडी अशी पाहिली आहे जिचं हे धावत्या रस्त्यावर झालं. त्यातली माणसं वाचली, एवढंच. पुढची चाकं उचला, वर-खाली धरून हलवा, खेळ जाणवला तर ट्रनियन बदला. जाणवला नाही तरी प्रत्येक निपलमधून जुनं कडक ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारा, आणि पुढे दर हजारेक मैलांनी मारत राहा. ग्रीसचा पंप ज्याच्या हाताला आवडत नाही त्याने मायनर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही; पत्र्याच्या पेट्याच सगळं वजन पेलतात. म्हणून दिसणाऱ्या गंजापेक्षा न दिसणारा गंज मोठा. मडगार्ड बोल्टने बसवलेले आहेत, ते सडले तर जीव जात नाही. टॉर्च घेऊन खाली झोपा आणि दारांखालच्या पेट्या, पुढच्या सीटखालून आडवी जाणारी पेटी आणि तिची दोन्ही टोकं, पुढे इंजिनाला धरणारे दोन पाय, आणि मागच्या कमान पाट्यांची पुढची जागा तपासा. आडव्या पेटीवर टॉर्शन बारचं दुसरं टोक बसतं, त्यामुळे ती कुजली तर सस्पेन्शनला धरायला काही उरत नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, आवाज ऐका. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. लोहचुंबक फिरवा, जिथे तो पकडत नाही तिथे कोणीतरी पूर्वी पुट्टी भरून ठेवली आहे. आणि एक साधी परीक्षा: एक बाजू जॅकवर घ्या आणि दाराची फट बघा. फट बदलली, दार घासायला लागलं, तर गाडी मधून वाकते आहे आणि वेल्डिंगशिवाय ती रस्त्यावर न्यायची नाही.

वेल्डिंग करावंच लागलं तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप जोडून घ्या, गाडी चारही चाकांवर किंवा योग्य जागी ठेवलेल्या घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) समतल असू द्या, आणि एका वेळी एकच बाजू कापा. माझ्या पहिल्या गाडीचा सांगाडा यातलं काहीच न केल्याने वाकला. जुना रंग घासताना तोंडावर चांगला मास्क हवा. त्या रंगांत शिसं असायचं.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीकडे बघा. तुमच्या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं आहे, आजच्या गाड्यांच्या नेमका उलट. नवी बॅटरी आणणारा माणूस सवयीने ऋण टोक बॉडीला लावतो. तसं होऊ देऊ नका, आणि आजचा कुठलाही चार्जर किंवा रेडिओ विचार न करता जोडू नका. तारांचे रंग लुकास या ब्रिटिश विद्युत-भाग कंपनीच्या पद्धतीचे आहेत आणि एकदा कळले की नकाशा हातात आल्यासारखं होतं: तपकिरी बॅटरीतून थेट, पांढरी किल्लीनंतर, हिरवी किल्लीनंतर फ्यूजमधून, निळी हेडलाइटला, लाल बारीक दिव्यांना, काळी बॉडीला. सुती वेष्टण हातात चुरगळत असेल तर पूर्ण जाळं नवं घाला, सुती वेष्टणाचंच. चुरगळत नसेल तर राहू द्या. ‘बंद पडलेले’ बहुतेक दिवे बल्बने नाही, बॉडीला घट्ट न जोडलेल्या काळ्या तारेने बंद असतात. टोक घासा, स्क्रू आवळा, दिवा लागतो. दारामागच्या खांबातून बाहेर येणारे दिशादर्शक बाण तुमच्या १९५९ च्या गाडीत असतील. १९६१ पासून त्यांच्या जागी लुकलुकणारे दिवे आले. ते बाण काढून टाकू नका. पाहिजे तर जास्तीचे दिवे लावा, पण बाण हलते ठेवा. लहान मुलं ते बघायला रस्ता ओलांडून येतात.

पाने इंची लागतील. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो आणि दोन-चार वेळांत कोपरे गोल करतो.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. रंग.

काही वर्षांपूर्वी एका मुलाने वडिलांची गाडी माझ्याकडे पूर्ण नवी करायला दिली. मी केली. चौदा महिने लागले. पत्रा उघडा करून रंग दिला, सीट नव्या, डॅश नवा, क्रोम नवं. माझ्या हातून तोवर झालेलं ते सर्वांत नीटनेटकं काम होतं. गाडी न्यायला तो मोठ्या बहिणीला घेऊन आला. ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसली आणि डॅशच्या खालच्या कडेवरून हात फिरवू लागली. मग वाकून बघितलं. मी विचारलं, काय शोधताय? ती म्हणाली, “बाबा इथे किल्लीने रेघा ओढायचे. प्रत्येक लांबच्या प्रवासाची एक. मी मोजायचे.” रेघा मला आठवत होत्या. मी त्या पुट्टीने भरून, घासून, त्यावर तीन हात रंग मारला होता. “गाडी छान झालीये,” असं म्हणून ती उतरली. त्यानंतर मी कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी घरच्या सगळ्यांना बोलावतो, गाडीत बसवतो, आणि कोणाला कुठे काय आठवतं ते वहीत उतरवून घेतो.

आईंना काय म्हणायचंय ते मला म्हणूनच कळतं. तुम्हालाही गाडीवर प्रेम आहे, त्यांनाही आहे. तुम्हाला ती चालायला हवी, त्यांना ती ओळखू यायला हवी. दोन्ही एकत्र होऊ शकतं. फिवाने स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत हीच दिशा आहे: जमेल तेवढं मूळ राखा, हात कमीत कमी लावा, जे नवं घालाल त्यावर कायमची खूण करा म्हणजे पुढच्याला जुनं-नवं वेगळं कळेल. मी प्रत्येक नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला साल ठोकतो आणि काढलेला भाग चिठ्ठी बांधून मालकाला परत देतो. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या मॅजोरे सरोवराच्या तळाशी अनेक दशकं बुडालेली बुगाटी ब्रेशिया ही जुनी गाडी. २००९ मध्ये ती बाहेर काढली, गंजून चाळण झालेली. ज्या संग्राहकाने ती घेतली त्याने ती नवी केली नाही; आहे तशी संग्रहालयात ठेवली. तुमची गाडी चालायची आहे, त्यामुळे तेवढं टोक गाठायचं नाही, पण विचार तोच.

व्यवहारात याचा अर्थ असा. गाडी सौम्य साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. डिकीच्या बिजागरीजवळ किंवा दाराच्या ट्रिममागे मूळ रंग अजून ताजा असतो, तो बघून ठेवा. मग बोनेटचा हातभर तुकडा बारीक पॉलिशने हाताने घासा, मशीनने नाही. पंचेचाळीस मिनिटं द्या. निस्तेज राखाडीखालून खोल रंग वर येताना दिसला तर रंग जिवंत आहे आणि नवा द्यायची गरज नाही. जिथे पत्रा उघडा पडलाय तिथे गंज थांबवून तेवढ्याच जागी रंग जुळवा. जुळणी शंभर टक्के होणार नाही. चालेल. सीटची शिवण उसवली असेल तर शिवण घाला, कव्हर बदलू नका. स्टिअरिंगच्या गुळगुळीत जागा तशाच. ट्रिमचे हार्डबोर्ड काढलेत तर मागची बाजू बघा. मला एकदा तिथे पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा आणि कुणाचं तरी ओझरतं नाव सापडलं होतं. ज्या माणसाने ती दारं बसवली होती त्याच्या हाताचं अक्षर. ते मी तसंच परत बंद केलं.

वर्ष संपेपर्यंत तुम्हाला दिसेल की ज्या बारा गोष्टी बदलायच्या ठरवल्या होत्या त्यांतल्या आठ मनातून उतरल्या आहेत. उरलेल्या चार खरंच करायला हव्यात. त्या करा, एका वेळी एक, म्हणजे गाडी दोन आठवड्यांहून जास्त काळ उभी राहणार नाही.

टायरचं विसरू नका. नक्षी कितीही शिल्लक असली तरी बावीस वर्षांचं टायर वापरायचं नाही. नवं घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.

पहिल्यांदा इंजिन चालू कराल तेव्हा गाडी शेडच्या बाहेर ढकलून घ्या, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, आणि आईंना आधी सांगा. किल्ली फिरवल्यावर लगेच सेल्फ मारू नका. समोर इंजिनाच्या मागच्या भिंतीवर विजेचा पेट्रोल पंप आहे, तो टकटक करायला लागेल. नाही लागला तर पान्याच्या मुठीने त्याला हलकेच ठोका. आतले पॉइंट चिकटलेले असतात. टकटक आधी भरभर येईल, मग सावकाश, मग थांबेल, म्हणजे कार्बोरेटर भरला. वडील ही गाडी रोज काढत होते तेव्हा घरात बसलेल्या प्रत्येकाने हा आवाज ऐकलेला आहे. तो थांबेपर्यंत वाट बघा, चोक ओढा, आणि आईंकडे बघून मग सेल्फ मारा. पहिल्या फेरीला त्यांना शेजारी बसवा. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नका, त्याला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी सोय, नाही. वडील तो कसा टाकायचे ते त्या सांगतील.